फिरत्या दांड्याचा कंप : कोरीवकामाच्या यंत्रांच्या इतिहासातील एक अवघड प्रश्न

हातातील छिन्नीऐवजी यंत्राने फिरवलेल्या पात्याने धातूत अक्षर कोरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली आणि तिच्याबरोबर कोरीवकामाच्या धंद्यात कंप हा नवा प्रश्न शिरला. रत्ने आणि मुद्रा कोरणारे कारागीर दोरीने फिरवलेली बारीक चाके प्राचीन काळापासून वापरत होते हे खरे. परंतु त्या चाकांचा वेग कमी होता, कोरायचा खडा हातात धरलेला असे आणि चाक जरासे हेलकावले तरी बोटे ते सांभाळून घेत. यंत्राच्या सांगाड्यात घट्ट बसवलेल्या स्पिंडलला, म्हणजे पाते धरून बेअरिंगांवर फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, अशी सांभाळून घेणारी बोटे नसतात. तो जसा फिरेल तसाच ठसा कामावर उमटतो. आज घरच्या घरी सीएनसी यंत्र, म्हणजे संगणकाकडून आकड्यांच्या आज्ञा घेऊन चालणारे यंत्र, बांधणाऱ्या हौशी कारागिराला कोरलेल्या रेघेची कड दातेरी का येते, बारीक पाते वारंवार का मोडते आणि स्पिंडल ठरावीक वेगालाच का गुणगुणते, हे प्रश्न पडतात. त्यांची उत्तरे एका माणसाने किंवा एका काळाने शोधलेली नाहीत. मुद्राक्षरांचे कारखाने, वाफेची टर्बाइने, विद्युत मोटारी आणि धातू कापण्याच्या प्रयोगशाळा अशा परस्परांपासून दूरच्या ठिकाणी ती सुमारे शंभर वर्षांत तुकड्यातुकड्यांनी हाती आली, आणि दुरुस्तीच्या वेळी होणारा बराचसा गोंधळ हे तुकडे वेगवेगळे न ओळखल्यामुळे होतो.

मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या देवनागरी खिळ्यांची कीर्ती राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या कोरीवकामावर उभी होती. त्या काळी खिळा करण्यासाठी आधी पंच कोरावा लागे. पंच म्हणजे पोलादी कांडीच्या टोकावर उलटे, उठावाने कोरलेले अक्षर. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की मातृका तयार होई आणि मातृकेत शिशाचा मिश्रधातू ओतला की खिळा निघे. पंच कोरणाऱ्याची हत्यारे कानस आणि छिन्नी, आणि तपासणीचे साधन दिव्याच्या काजळीने कागदावर उमटवलेला ठसा. या कामात वेग नव्हता, म्हणून कंपही नव्हता. चूक होई ती नजरेची किंवा हाताची.

हे काम यंत्राकडे नेण्याचे श्रेय अमेरिकेतील मिलवॉकी येथील लिन बॉइड बेंटन याच्याकडे जाते. त्याने १८८५मध्ये पेटंट घेतलेले पंच कोरण्याचे यंत्र पँटोग्राफच्या तत्त्वावर चालत असे. पँटोग्राफ म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांची अशी रचना, की तिचे एक टोक मोठ्या नमुन्याच्या कडेने फिरवले असता दुसरे टोक तीच आकृती ठरावीक प्रमाणात लहान करून काढते. बेंटनच्या यंत्रात या दुसऱ्या टोकाशी वेगाने फिरणारे सूक्ष्म पाते होते. त्याच सुमारास ओटमार मेर्गेनथालरच्या लायनोटाइप यंत्रामुळे मातृकांची मागणी प्रचंड वाढली आणि हाताने पंच कोरून ती पुरी होणे शक्य नव्हते, म्हणून बेंटनचे यंत्र छपाईच्या इतिहासात इतके मोलाचे ठरले. पॅरिसच्या व्हिक्टर जान्व्हिए याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाण्यांचे व पदकांचे साचे कोरण्यासाठी असेच लघुकरण यंत्र केले, आणि पुढे अनेक टांकसाळींनी ते स्वीकारले.

या यंत्रांच्या रचनेत एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नमुन्याची कड गिरवताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली आणि लघुकरणाचे प्रमाण दहास एक असले, तर कामावर ती चूक पाच शतांश मिलिमीटर एवढीच उरते. हाताचा दोष यंत्र स्वतःच लहान करते. पण पात्याच्या टोकाशी स्पिंडल पाच शतांश मिलिमीटर हेलकावत असेल, तर तो हेलकावा कोणत्याही प्रमाणाने लहान होत नाही, कारण तो पँटोग्राफच्या पलीकडे, थेट कामावर घडतो. यंत्राने हाताची चूक जवळजवळ पुसून टाकल्यावर उरलेल्या चुकांमध्ये स्पिंडलची चूक सर्वांत ठळक दिसू लागली. आजच्या सीएनसी यंत्रात गिरवणाऱ्या हाताची जागा आकड्यांनी घेतली आहे, तरी हा हिशेब तसाच राहिला आहे.

जुन्या यंत्रकारांनी या कंपावर पहिला उपाय केला तो वजनाचा. हेन्री मॉड्स्लेने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये लाकडी चौकटीऐवजी संपूर्ण धातूचे लेथ बांधले, आणि पुढच्या शतकात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हाच यंत्रांच्या बैठकीचा मुख्य पदार्थ झाला. बिडाचा गुण केवळ जडपणाचा नाही. त्यात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या विखुरलेल्या असतात आणि कंपाची ऊर्जा त्यांच्याशी होणाऱ्या अंतर्गत घर्षणात उष्णता होऊन जिरते. स्पिंडल काशाच्या किंवा पांढऱ्या धातूच्या साध्या बेअरिंगांत फिरे, आणि दांडा व बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पातळ थर हादरे शोषून घेई. गोळ्यांची बेअरिंगे विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वत्र पसरली आणि घर्षण खूप कमी झाले, पण तेलाच्या थराचे हे शोषण त्यांच्यात फारसे नाही. त्यामुळे गोळ्यांवर आधीच थोडा दाब देऊन त्यांच्यातील सैलपणा काढून टाकण्याची पद्धत, जिला कारखान्यात प्रीलोड म्हणतात, स्पिंडलच्या बांधणीत अपरिहार्य झाली.

वेग वाढल्यावर दांडा का थरथरतो याचा गणिती विचार मात्र कोरीवकामाच्या कारखान्यात सुरू झाला नाही. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने १८६९मध्ये फिरत्या दांड्यांवर लेख लिहिला आणि त्यात असे प्रतिपादन केले, की एका ठरावीक वेगापलीकडे दांडा स्थिर फिरूच शकत नाही. रँकिनच्या नावाचे वजन मोठे होते, त्यामुळे हा निष्कर्ष बराच काळ अडसर होऊन राहिला. स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल याने तो कृतीने खोटा ठरवला. त्याचे वाफेचे टर्बाइन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत फिरे, आणि त्याने दांडा मुद्दाम बारीक व लवचीक ठेवल्यामुळे तो धोक्याचा वेग ओलांडून पलीकडे गेला की आधीपेक्षा शांत फिरू लागे. ऑगस्ट फोप्लने १८९५मध्ये याचे गणित मांडले आणि स्टॅन्ली डंकर्लीने १८९४मध्ये त्या धोक्याच्या वेगासाठी क्रांतिक वेग ही संज्ञा रूढ केली; तरी दांड्याच्या या वर्तनाचे सर्वमान्य स्पष्टीकरण हेन्री जेफकॉटच्या १९१९च्या निबंधापर्यंत लांबले. त्याचे सार असे, की प्रत्येक दांड्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि फेऱ्यांची संख्या तिच्याशी जुळली की झोक्याला ऐन वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांप्रमाणे लहानसा असमतोलही मोठा हेलकावा निर्माण करतो. तो वेग मागे पडला की दांडा आपल्या भूमितीय मध्याऐवजी वस्तुमानाच्या मध्याभोवती फिरू लागतो आणि शांत होतो.

असमतोल दूर करण्याची कला याच्याच जोडीने वाढली. फिरत्या वस्तूचे वजन मध्याभोवती सारखे वाटलेले नसेल तर जड बाजू सतत बाहेर ओढते, आणि हा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो. मध्यापासून १० मिलिमीटरवर केवळ एक ग्रॅम जादा वजन असले, तर मिनिटाला १२,००० फेऱ्यांना ते सुमारे १.६ किलोग्रॅम वजनाइतक्या बळाने दांड्याला ओढते, आणि २४,००० फेऱ्यांना हेच बळ चौपट, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास होते. शिवाय त्याची दिशा सेकंदाला चारशे वेळा फिरते. समतोल साधण्याच्या यंत्राचे पहिले पेटंट १८७०मध्ये कॅनडात हेन्री मार्टिन्सनने घेतले, परंतु त्याचा उपयोग होण्याइतके वेगवान मोटार व डायनॅमो तेव्हा अजून प्रचारात यायचे होते. १९०७मध्ये जर्मनीत फ्रांझ लावाचेकने सुधारलेले यंत्र केले आणि डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने त्याचे हक्क घेऊन ते उद्योगात आणले. पुढे समतोलाच्या प्रती ठरवण्यात आल्या. त्यांपैकी जी २.५ ही प्रत यंत्रांच्या फिरत्या भागांसाठी नेहमी सांगितली जाते. तिच्यानुसार १२,००० फेऱ्यांच्या स्पिंडलचा वस्तुमानमध्य अक्षापासून दोन सहस्रांश मिलिमीटरपेक्षा दूर असता कामा नये. घरगुती कारखान्यात असे अंतर मोजता येत नाही, पण त्याचा परिणाम ऐकता येतो.

या सगळ्यांत कठीण ठरला तो तिसरा प्रश्न, कापताना येणाऱ्या चॅटरचा. स्पिंडल मोकळा फिरताना शांत असतो, पाते धातूला टेकले की एकाएकी कर्कश आवाज येतो आणि कामावर सारख्या अंतराने लाटांसारखे ओरखडे उमटतात, हेच चॅटर. फ्रेडरिक विन्स्लो टेलरने सव्वीस वर्षांच्या धातू कापण्याच्या प्रयोगांवर आधारलेला आपला विस्तृत प्रबंध डिसेंबर १९०६मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्सपुढे मांडला. वेग, खोली, पात्याचे कोन या सगळ्यांना त्याने नियमांत बसवले, पण चॅटर हा यंत्रकारापुढचा सर्वांत गूढ प्रश्न असल्याचे सांगून, त्याच्यासाठी कोणतेही सूत्र देता येणार नाही, असे मत दिले. टेलरसारखा मोजमापाचा आग्रही माणूस येथे थांबला, यावरून प्रश्नाची अवघडता कळते.

तो सुटला दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तोही जवळजवळ एकाच वेळी दोन ठिकाणी : प्रागमध्ये यिर्झी ट्लुस्टी व त्याच्या सहकाऱ्यांनी आणि इंग्लंडमध्ये स्टीफन टोबायस व फिशविक यांनी चॅटरची उपपत्ती दिली. पात्याचा एक दात कामावर बारीक लाट सोडून जातो. पुढचा दात त्याच लाटेवरून कापत जातो, त्यामुळे त्याला कधी जाड तर कधी पातळ थर कापावा लागतो, त्यावरील बळ त्या प्रमाणात बदलते, यंत्र आणखी हलते आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा मोठी होते. चॅटर बाहेरून येत नाही. यंत्र, पाते आणि काम मिळून ते स्वतःच पोसतात. या उपपत्तीतून एक अनपेक्षित निष्कर्ष निघाला. दातांच्या फटक्यांची संख्या यंत्राच्या स्वाभाविक कंपनसंख्येशी जुळवली, तर प्रत्येक नवी लाट आधीच्या लाटेवर नेमकी बसते, थराची जाडी बदलत नाही आणि चॅटर थांबते. त्यामुळे काही ठरावीक वेगांना इतर वेगांपेक्षा कितीतरी खोल काप घेता येतो, आणि वेग कमी करणे हाच चॅटरवर नेहमीचा उपाय आहे, ही जुनी समजूत अपुरी ठरली.

आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना याच दशकांतली. मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटीच्या जॉन पार्सन्सला हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार बिनचूक तपासण्यासाठी साचे हवे होते; त्यासाठी सुरू झालेले काम अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेत गेले आणि १९५२मध्ये तेथे सिनसिनाटी कंपनीच्या मिलिंग यंत्रावर पहिले प्रात्यक्षिक झाले. ते यंत्र भारी बिडाचे होते. पन्नास वर्षांनी हीच विद्या घरात आली तेव्हा आज्ञा देणारा भाग अतिशय स्वस्त झाला होता, आणि २००५मधील आर्डुइनो हा छोटा नियंत्रक फलक व २००९मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुडने सुरू केलेली ग्रबल ही संगणकप्रणाली यांनी तर तो जवळजवळ फुकट केला. स्वस्त झाले नाही ते बीड. लाकडी पाट्या, ॲल्युमिनियमचे साचेबद्ध पट्टे आणि बारीक पोलादी सळया यांवर उभे केलेल्या यंत्राला अचूक आज्ञा मिळतात, पण मॉड्स्लेच्या काळापासून कंप जिरवणारे वजन त्याच्यापाशी नसते. घरगुती यंत्राच्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

महाराष्ट्रात कोरण्याचे जे विजेचे हत्यार घराघरांतील स्टीलच्या भांड्यांमुळे सर्वांना माहीत आहे, ते मात्र कंपावरच चालते. भांड्यांच्या दुकानात नाव टाकणारा जे पेनासारखे यंत्र धरतो त्यात पाते फिरत नाही. विद्युतचुंबक टोकाला मागेपुढे ओढतो, ५० हर्ट्‌झच्या विजेवर साधारणपणे सेकंदाला १०० ठोके पडतात आणि एकाला एक लागून आलेल्या टिंबांतून अक्षर उभे राहते. देणाऱ्याचे नाव आणि तारीख अशा तऱ्हेने कित्येक पितळी डब्यांवर व स्टीलच्या ताटांवर टिकून आहे. तेथे कारागिराचे मनगट यंत्राला दिशा देते आणि हादरेही पचवते. फिरत्या स्पिंडलच्या यंत्रात ही दोन्ही कामे सांगाड्याला करावी लागतात.

घरगुती यंत्राचा स्पिंडल जवळून पाहिला, तर इतिहासातले तिन्ही प्रश्न एका बोटभर लांबीत सापडतात. ३०० बाय १८० मिलिमीटर टेबलाच्या लहान यंत्रांवर बहुधा ७७५ जातीची मोटार असते. तिच्या ५ मिलिमीटरच्या दांड्यावर एक पोलादी नळी सरकवून दोन ग्रब स्क्रूंनी आवळतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला कॉलेट बसतो, म्हणजे पात्याची दांडी चहूबाजूंनी घट्ट धरणारी, चिरा दिलेली निमुळती पकड. नळी हाताने सरकावी म्हणून तिचे भोक दांड्यापेक्षा किंचित मोठे असते. स्क्रू आवळले की ते नळीला एका बाजूला ढकलतात आणि सगळा सैलपणा दुसऱ्या बाजूला जातो. दोन शतांश मिलिमीटरचा सैलपणा असला तर डायल गेजवर, म्हणजे सूक्ष्म अंतर काट्याने दाखवणाऱ्या मापकावर, तेवढाच फरक दिसतो, आणि नळी तिरकी बसली असल्यास पात्याच्या टोकाशी तो आणखी वाढतो. हा रनआउट झाला, म्हणजे पाते अक्षाभोवती न फिरता अक्षाबाहेर फिरणे. त्याच्यामुळे असमतोलही येतो, पण दोष भूमितीचा असल्यामुळे वजन काढून किंवा लावून तो बरा होत नाही. दांड्यावर स्क्रूंनी उठवलेले ओरखडे कानशीने साफ करणे, नळी फिरवून पाहणे आणि शक्य झाल्यास किंचित लहान भोकाची नळी तापवून घट्ट बसवणे, हे त्याचे खरे उपाय आहेत. कॉलेटबाबत एक साधी चूक फार वेळा होते : तो आधी नटाच्या आतल्या कड्यात चटकन बसवून मग नट लावायचा असतो, पण पुष्कळ जण तो नळीत टाकून वरून नट फिरवतात, आणि मग उत्तम पातेही वाकडे धरले जाते.

भूमिती नीट झाल्यावर उरलेला असमतोल प्रयोगशाळेशिवायही काढता येतो. मोटारीच्या अंगाला चिकटवलेल्या पायझो चकतीने किंवा मायक्रोफोनने संगणकावर कंपाची उंची नोंदवावी. मग नटाजवळच्या कड्यावर १२० अंशांच्या अंतराने तीन आटे पाडून घ्यावेत आणि तोच लहान स्क्रू एकेका आट्यात बसवून, वेग न बदलता, आणखी तीन नोंदी घ्याव्यात. कागदावर मूळ नोंदीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यावरील तीन बिंदूंपासून तीन नोंदींच्या त्रिज्येची वर्तुळे काढली की ती जवळजवळ एका ठिकाणी छेदतात. मध्यापासून त्या छेदबिंदूची दिशा म्हणजे वजन लावण्याची जागा. मूळ नोंदीला त्या अंतराने भागून आलेल्या संख्येने स्क्रूचे वजन गुणले की लावायचे वजन मिळते. स्क्रू निसटून उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून हे काम आडोशामागून आणि चष्मा लावूनच करावे.

सांगाड्याच्या बाबतीत बिडाची उणीव पुरी भरून निघत नाही, पण लांबीचा नियम हौशी कारागिराच्या बाजूने उभा राहतो. एका टोकाला धरलेल्या दांडीची लवचीकता तिच्या बाहेर निघालेल्या लांबीच्या घनाने वाढते; पाते निम्मे आत घेतले की त्याच बळाखाली त्याचे वाकणे एक अष्टमांश होते. पात्याचे आणि झेड अक्षाच्या, म्हणजे पाते वरखाली नेणाऱ्या भागाच्या, पट्टीचे बाहेर आलेले अंतर कमी करणे हा उपाय, मोठी मोटार विकत घेण्यापेक्षा, जवळजवळ नेहमीच अधिक फळ देतो. नवी जड मोटार कमकुवत सांगाड्यावर चढवली तर त्याची कंपनसंख्या खाली येते आणि पूर्वी शांत असलेल्या वेगांना यंत्र गुणगुणू लागते; अशा वेळी दोष स्पिंडलला दिला जातो, तो तेथे नसतो.

आणि चॅटरच्या बाबतीत, बंद यंत्रातील पात्याच्या टोकाला लाकडी दांडक्याने हलका ठोका देऊन उमटणारा नाद संगणकावर नोंदवला, की स्वाभाविक कंपनसंख्या कळते. ती ४०० हर्ट्‌झ असेल, तर दोन दातांच्या पात्याला मिनिटाला १२,००० किंवा ६,००० फेऱ्या अनुकूल पडतात, आणि एकधारी पात्याला २४,००० किंवा १२,०००. स्पिंडलचा वेग आज्ञेने बदलता येत असेल, तर टेलरने सूत्राबाहेरचा म्हणून सोडून दिलेल्या प्रश्नावर आज आज्ञावलीतील एस या अक्षरापुढचा आकडा बदलून इलाज करता येतो.